वीस गोळ्या, अकरा बायका

शनिवार, ६ सप्टेंबर १९९७

कोर्टातल्या कारकूनबाई म्हणाल्या, जे घडेल ते तारीखवार लिहून ठेव, पुढे उपयोगी पडतं. म्हणून ही वही. शाळा सुटल्यापासून वाणसामानाच्या यादीपलीकडे मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा वाचणाऱ्या न्यायाधीशांनी सांभाळून घ्यावं.

मी ग्लेना प्रेटर, वय एकोणचाळीस. गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात पंधरा वर्षं पाव भाजते. जुलैत नवऱ्याला सोडलं. सहा आठवडे आर्डिथमावशीकडे होते, तर हर्शेल रोज संध्याकाळी रस्त्यापलीकडे गाडी लावून नुसता बसून राहायचा. न्यायाधीशांनी हुकूम काढला, वर्षभर हिच्यापासून पाचशे फूट लांब राहायचं. हर्शेलने शहाण्यासारखी मान डोलावली आणि बाहेर आल्यावर माझ्याकडे बघून हसला. तो हुकूम माझ्या पर्समध्ये आहे. घडी घातलेला कागद आहे, आणखी काय.

गेल्या रविवारी एका निवृत्त बाईंच्या परसातल्या पत्र्याच्या ट्रेलरमध्ये राहायला आले. पत्ता फक्त मावशीला आणि शाळेच्या ऑफिसला माहीत आहे.

आणि आज एस्टिल बर्चेटच्या वर्गात नाव घातलं. आपल्या केंटकीत लपवून पिस्तूल बाळगायचा परवाना गेल्या वर्षापासून मिळायला लागलाय. दोन शनिवार शिकायचं, मग वीस गोळ्यांची परीक्षा. अकरा लागल्या की पास.

मावशीला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला. "अगं, कढई उचलताना हात थरथरतात तुझे, आणि पिस्तूल?"

"कढईने कुणी घाबरत नाही, मावशी."

"तुझी आई असती तर तिने तुला..." तिला शब्द सापडेना. "तिने तुला खोलीत कोंडलं असतं."

मग तिने डोळे पुसले आणि सगळं खोदखोदून विचारलं. वर्ग कुठे, किती वाजता, घर कोणत्या रस्त्याला, दाराला कडी आहे का. म्हटलं, तुला कशाला एवढं? तर म्हणे, "देवाला मोघम सांगून कसं चालेल? त्याच्यापुढे काय तू एकटीच आहेस?" तेही खरंच.

रविवार, ७ सप्टेंबर

चर्चला गेले. सासूबाई नेहमीसारख्या तिसऱ्या बाकावर. जुलैपासून माझ्याशी बोललेल्या नाहीत. आज मात्र मान वळवून पायांपासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. मीही बघितलं. भजन संपेपर्यंत आमचं तेवढंच चाललं होतं, देव माफ करो.

शनिवार, १३ सप्टेंबर

वर्ग बर्चेटच्या गोठ्यात. आता तिथे गुरं नाहीत, खुर्च्या आहेत. बर्चेट अडुसष्ट वर्षांचे, खाणीत विजेचं काम करून निवृत्त झालेले. आवाज असा की शेजारच्यालाच ऐकू जावा. आम्ही सात जण. त्यांतला गार्लंड हा विमा एजंट. त्याच्या कमरेला असं कोरीव चामड्याचं होल्स्टर की बंदुकीला लग्नाला निघाल्यासारखं वाटावं.

बर्चेटनी पहिला तास बंदूक दाखवलीच नाही. नियम. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरायचं. जे फोडायचं नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही. नेम लागेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. आणि समोर काय आहे, त्याच्यामागे काय आहे, हे ठाऊक असल्याशिवाय काहीच करायचं नाही. सगळ्यांकडून चार-चार वेळा म्हणवून घेतलं.

गार्लंड म्हणाला, "साहेब, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं."

"हो, पण पाळण्यातलं पोर स्वतःच्या पायाला गोळी मारून घेत नाही," बर्चेट म्हणाले. "मागच्या वर्गात एकाने मारून घेतली. तोही विमाच विकत होता."

जेवायला त्यांच्या बायकोने, जुनिताने, घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव केला होता. पाव माझ्यापेक्षा बरा होता, हे शाळेत कुणाला सांगायचं नाही.

दुपारी म्हणाले, आता ओरडा. मला वाटलं गंमत करतायत. पण नाही. एकेकाला उभं केलं, ते स्वतः अंगावर चालून यायचे आणि आम्ही हात पुढे करून ओरडायचं, "थांब! मागे हो!" म्हणाले, हत्यार काढण्याआधी बाईकडे आणि बाप्याकडे जे असतं ते हे. शंभरातल्या नव्याण्णव वेळा इथेच काम भागतं. गार्लंड बैलासारखा ओरडला. माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून निघालं, "जरा... जरा मागे सरकता का?"

सगळे हसले. मीही हसले. बर्चेट हसले नाहीत. म्हणाले, "पुन्हा." सहा वेळा केलं. सहाव्यांदाही मी जणू दुकानात रांग मोडणाऱ्याला सांगत होते.

घरी येताना गाडीच्या काचा वर केल्या आणि ओरडून पाहिलं. गाडीत जमतं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

कामावरून आले तर पायरीवर सफरचंदांची पिशवी. चिठ्ठी नाही. पण तोंडाला जी दुहेरी गाठ होती ती कोळशाच्या ट्रकवर ताडपत्री बांधणारे मारतात, आणि हर्शेल अठरा वर्षं ट्रक चालवतोय.

शेरीफच्या ऑफिसला फोन केला. तिथला माणूस सभ्य होता. म्हणाला, "बाई, सफरचंदं ठेवणं हा गुन्हा नाही, आणि गाठीवर नाव नसतं."

कसं कळलं त्याला? मी रोज दोन रस्ते बदलून घरी येते. आरशात बघूनबघून माझी मान आखडलीय. मागे कुणी नसतं.

मावशीला फोन केला, रडलेही थोडी. ती म्हणाली, "मी आत्ताच्या आत्ता साखळी सुरू करते." ही मावशीची चर्चमधल्या बायकांची प्रार्थनेची साखळी. कुणाचं काही दुखलं-खुपलं की मावशी पहिलीला फोन करते, पहिली दुसरीला, असं अकराव्या बाईपर्यंत. वीस मिनिटांत अकरा जणी गुडघ्यावर. मागे पुरात रस्ता बंद झाला तेव्हा रेडिओच्या आधी या बायकांना कळलं होतं. फोन ठेवल्यावर मला खरंच बरं वाटलं.

सफरचंदं फेकून दिली. चांगली होती.

गुरुवार, १८ सप्टेंबर

बर्चेट म्हणाले होते, परीक्षेआधी गुरुवारी सरावाला ये. गेले. त्यांनी जुनं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर दिलंय, परवाना मिळेपर्यंत त्यांच्याकडेच राहील. सात यार्डांवर कागदी माणूस. माझ्या गोळ्या सगळ्या त्याच्या गुडघ्यांत. एक जमिनीत.

"नेम तर बरोबर धरतेस," म्हणाले. "आण इकडे." पाठ करून त्यांनी ते भरलं आणि परत दिलं. पहिली गोळी उडाली. दुसऱ्यांदा चाप ओढला तर नुसतं टक्. आवाज नाही, धक्का नाही, पण माझे हात नळीसकट फूटभर खाली गेले, आणि डोळे मिटलेले. त्यांनी मध्येच खोटं काडतूस घातलं होतं.

"बघितलंस? धक्का अजून बसलेलाही नाही आणि तू खाली वाकलीस."

मला माहीत होतं ही सवय कुठली. दार वाजायचं तेव्हा किल्ली भोकात कशी फिरते यावरून मी मान खाली घालायची की नाही ते ठरवायचे. सोळा वर्षं. त्या म्हाताऱ्याला काय सांगणार? पण त्याने विचारलंही नाही. खोटी आणि खरी मिसळून पुन्हा भरलं, पुन्हा दिलं, पुन्हा, पुन्हा. तास संपता संपता एकदा टक् झालं आणि हात जागच्या जागी राहिले. एकदाच. मला इतका आनंद झाला की मी त्यांना मिठीच मारणार होते, पण हातात बंदूक होती आणि नियम चार आहेत.

शनिवार, २० सप्टेंबर

आज सगळं बिघडलं.

सकाळी निघाले तर गाडीच्या काचेवर चिठ्ठी. "आज परीक्षा ना? हात कापू देऊ नकोस." छापील अक्षरं. पण माझ्या हातांच्या थरथरण्यावरून मला हसणारा माणूस जगात एकच आहे.

परीक्षा आज आहे हे वर्गाबाहेर कुणाला माहीत? आणि वर्गातलं कोण हर्शेलला ओळखतं? गाडी चालवता चालवता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गार्लंड! हर्शेलच्या ट्रकचा विमा गार्लंडकडेच आहे. दरवर्षी नाताळाला त्याचं कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघरात लागायचं.

गोठ्यात शिरले आणि सगळ्यांसमोर त्याला धरलं. "किती मिळाले? की दोस्तीखातर सांगितलंत?"

त्याचा चेहरा पडला. "ग्लेनाबाई, मी त्या माणसाशी मार्चपासून बोललो नाही. हप्ताही टपालाने येतो त्याचा."

"चोराच्या मनात चांदणं," मी म्हटलं. चर्चा झाली नाही, चहा झाला नाही, सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले.

मग वीस गोळ्या. नऊ लागल्या. नापास.

बर्चेट म्हणाले, "रागाने मारल्यास गं. राग आणि भीती यांचा हात सारखाच हलतो. पुढच्या वेळी ये." मी म्हटलं, पुढच्या वेळी येईन, त्याच्या पुढच्या वेळीही येईन, तुमचा कागद संपेपर्यंत येईन.

"कागद माझ्याकडे पुष्कळ आहे," ते म्हणाले.

गुरुवार, २५ सप्टेंबर

मावशी विचारते, काय झालं परीक्षेचं? सांगितलं, नापास. पुन्हा चार ऑक्टोबरला. तिने लगेच लिहून घेतलं. म्हणाली, "हात स्थिर राहावेत म्हणून वेगळं मागू की नुसतं पास व्हावं म्हणून?" म्हटलं, दोन्ही माग, फुकटच आहे.

घरी रोज रात्रीच्या जेवणाआधी बटाट्याची सोलणी हातात धरून उभी राहते. दोन्ही हातांत, कोपर किंचित वाकवून. समोर कॅलेंडरवरचा एखादा आकडा धरायचा आणि श्वास सोडता सोडता बोट मागे आणायचं, सावकाश, आपण कधी दाबलं हे आपल्यालाच कळू नये इतकं. दोनशे वेळा. पी हळद नि हो गोरी असं यात होत नाही हे कळलंय आता.

आज सरावात चौदा. डोळे उघडे.

जाताना बर्चेट म्हणाले, "गार्लंड परवा फार कष्टी झाला होता." मी म्हटलं, होऊ दे.

शनिवार, ४ ऑक्टोबर

सतरा!

वीसपैकी सतरा, आणि त्यातल्या बारा अशा की माझ्या तळहाताखाली झाकल्या जातील. बर्चेटनी कागद गुंडाळून दिला. गार्लंडही मागच्या वेळी नापास झाला होता, आज पुन्हा परीक्षेला होता, त्याच्या दहाच लागल्या. एका गोळीने नापास, तेही त्या लग्नाच्या होल्स्टरसकट. मला बरं वाटलं. वही खरं लिहायलाच आहे ना, मग लिहिते, फारच बरं वाटलं.

अर्ज सोमवारी शेरीफकडे. परवाना यायला महिना-दीड महिना.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लिहिण्यासारखं काही नव्हतं म्हणून लिहिलं नाही. आज मात्र मला न कळवता घरमालकीणबाईंनी, म्हणजे ज्यांच्या परसात राहते त्यांनी, दाराचं कुलूप बदललं. त्यांना कुणीतरी सांगितलं म्हणे की मी रात्री झोपत नाही. कुणी, तर त्यांच्या बहिणीच्या चर्चमधल्या एकीने. गावात कुणाच्या पोटात काही राहत नाही. तरी कुलूप चांगलं आहे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

परवाना आला. फोटोत मी चोरासारखी दिसते.

बर्चेटकडून रिव्हॉल्व्हर विकत घेतलं. ते म्हणाले, "एक लक्षात ठेव. लपवून म्हणजे लपवून. दाखवायचं नाही, सुचवायचं नाही, बोलायचं नाही. कमरेला काय आहे हे ज्याला माहीत आहे तो ते नसेल तेव्हाच येईल." मी हो म्हटलं.

स्वेटरखाली घालून दुकानात गेले. दूध, अंडी, साबण. वाटत होतं, सगळा गाव माझ्या कमरेकडेच बघतोय. साबणाच्या फळीशी वाकायला लागणार होतं तर साबण न घेताच आले. कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

शाळेत मात्र बंदूक नेता येत नाही. कायदाच आहे. गाडीतल्या लोखंडी पेटीत कुलूप लावून ठेवायची आणि आत जायचं. सात तास ती तिथे आणि मी इथे. मावशीला हे सांगितलं. सांगायला नको होतं का? पण मावशीला कसलं आलंय सुचवणं, ती तर घरचीच. ती हळहळली. "सात तास! आणि मागचं दार उघडंच असतं ना गं तुमचं, भट्ट्यांमुळे?" म्हटलं, असतं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

उद्या शाळेत टर्कीचं जेवण, दरवर्षी नोव्हेंबरातल्या सुगीच्या सणाच्या आदल्या आठवड्यात असतं. आईबापही येतात. तीनशे पाव. पहाटे चारला जायचंय. झोपते.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आजचं आजच लिहून ठेवते.

दीडच्या सुमारास. पहिली पंगत चालू होती. मी मागच्या दाराशी ट्रे रचत होते. मुख्य स्वयंपाकीण मोझेल आत रस्सा ढवळत होती. दार उघडं, बाहेरची थंडी आत येत होती. कुणीतरी उजेड अडवला. बघितलं तर हर्शेल. दाढी केलेली, लग्नातला कोट.

हळू आवाजात म्हणाला, "ग्लेना. तुझं खेळणं गाडीत आहे ना आता? कुलपात?"

मी हातातला ट्रे खाली ठेवला.

"चल. बोलायचंय फक्त. तमाशा करू नकोस, पोरं आहेत आत." आणि हात पुढे केला.

तो हात बघितला की माझी मान खाली जाते. आज नाही गेली. का, ते मला सांगता येणार नाही. मी दोन पावलं बाजूला झाले, स्टीलचं लांब टेबल आमच्या मध्ये आलं, दोन्ही तळवे पुढे केले आणि ओरडले, "थांब! मागे हो!"

एवढा आवाज माझ्यात कुठे होता कोण जाणे. पलीकडे दीडशे पोरं जेवत होती, ती एकदम गप्प झाली. चमचे थांबलेले ऐकू आले.

"हळू बोल!" तो दातांतून म्हणाला. "लोक ऐकतायत."

"मागे हो! याला कोर्टाची बंदी आहे! मागे हो!"

त्याने टेबलाला वळसा घातला. मीही घातला. त्याने माझी बाही धरली, ती फाटली. मोझेल रश्शाचा मोठा लाकडी डाव घेऊन आली. साठ वर्षांची बाई, डावावरून रस्सा गळतोय, आणि ती म्हणते, "सोड तिला, नाहीतर थोबाड भाजून निघेल तुझं." आणि तिच्यामागून, हातात नॅपकिन, शेरीफचा माणूस. तोच, सफरचंदांवाला. त्याची मुलगी दुसरीत आहे, तो टर्की खायला आला होता.

हर्शेलच्या हातांत बेड्या पडल्या तेव्हा तो माझ्याकडे बघून हसला नाही.

नंतर गाडीत बसले. पेटी उघडली, बघितलं, रिव्हॉल्व्हर तिथेच होतं. पुन्हा कुलूप लावलं आणि आत जाऊन दुसऱ्या पंगतीचे पाव काढले. कुणीतरी काढायलाच हवे होते.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

जबानी द्यायला गेले. विचारलं, त्याला कसं कळलं, गाडी, कुलूप, मागचं दार? शेरीफच्या माणसाने कानामागे खाजवलं. म्हणाला, "तो म्हणतो, त्याला सगळं त्याच्या आईकडून कळतं. आणि आईला म्हणे प्रार्थनेतून."

मी तशीच मावशीकडे गेले.

ती सणासाठी ‘पाय’ करत होती, पिठाच्या पारीत गोड सारण भरून भाजतात तो. मला बघून धावत आली, पिठाच्या हातांनी मिठी मारली. "देवाने ऐकलं गं! काल सकाळीच साखळी फिरवली होती!"

"मावशी, त्या अकरा जणींची यादी दाखव."

फोनच्या वर भिंतीला चिकटवलेली होती. इतक्या वर्षांत मी कधी वाचलीच नव्हती. नवव्या नंबरवर इमोजीन प्रेटर. माझ्या सासूबाई.

"काल काय सांगितलंस साखळीला? शब्दाला शब्द सांग."

मावशीला अजून काही उमगलं नव्हतं. "सांगितलं की, ग्लेनासाठी प्रार्थना करा, ती दिवसभर शाळेत असते आणि तिचं ते... ते गाडीत कुलपात असतं, आणि मागचं दार उघडं..." तिथे ती थांबली. लाटणं हातातून पडलं. पत्ता, वर्ग, परीक्षेची तारीख, पुन्हा परीक्षेची तारीख. एकेक तिच्या डोळ्यांपुढून जाताना मला दिसत होतं.

"इमोजीन बावीस वर्षं आहे साखळीत," ती कशीबशी म्हणाली. "तिला कशी वगळायची? देवाच्या कामात?"

मला तिच्यावर ओरडायचं होतं. आवाज तर आता आहे. पण बघितलं तर ती खुर्चीत एवढीशी झाली होती, पीठ लागलेले हात मांडीवर उपडे. आणि तिला सगळं सांगणारी मीच ना? बर्चेटनी बजावलं त्याच दिवशी मी फोन फिरवला होता. गार्लंडची माफीही मागायचीय. ते काम फोनवर उरकण्यासारखं नाही, कचेरीत जाऊन, टेबलासमोर उभं राहून मागायला हवी.

"साखळी कशी सुरू करतात?" मी विचारलं.

"पहिली विल्मा."

"आज मी करते. आणि एकीने दुसरीला सांगायचं नाही. सगळ्यांना मीच करणार."

मावशी म्हणाली, नको. मग म्हणाली, कर.

विल्माला म्हटलं, "मी ग्लेना. तुम्ही माझ्यासाठी तीनदा प्रार्थना केलीत, आठवतं? एकदा खांद्याचं हाड, दोनदा मनगट. दर वेळी मावशीने सांगितलं होतं की ग्लेना जिन्यावरून पडली. मीच तिला तसं सांगितलं होतं. आमच्या घराला जिना नाही. ते एकमजली आहे. तुम्ही सगळ्या तिथे जेवून गेला आहात."

विल्मा म्हणाली, "अगं बाई." दुसरीने फोन ठेवून दिला. तिसरी रडली. चौथीने विचारलं, कोर्टात येऊ का? पाचवीला ऐकू कमी येतं, तिला दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा सोपं गेलं. मावशी शेजारी बसून ऐकत होती. जिन्याचं तिलाही आजच कळत होतं, आणि दर फोनला नव्याने कळत होतं.

नवव्या नंबरला घंटी पुष्कळ वाजली.

"कोण?"

"ग्लेना. सासूबाई, मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगतेय. तुम्हालाही तीच. मी जिन्यावरून पडले नव्हते. त्या घराला जिना नाही."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"जिना नाही हे मला माहीत नाही होय?" त्या म्हणाल्या. "ते घर तुझ्या सासऱ्यांनी बांधलं. खिळे द्यायला मी उभी होते."

मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"तो रोज यायचा," सासूबाई म्हणाल्या. "तिचं काय चाललंय, तिचं काय चाललंय. मला वाटायचं, पोराचा जीव आहे तिच्यावर." श्वासाचा आवाज येत होता. "सोमवारी त्याचा जामीन आहे. माझं घर लिहून द्यायचं म्हणतोय."

"द्या किंवा देऊ नका," मी म्हटलं. माझा आवाज बारीक झाला नाही, हे मला ऐकू आलं. "मी तुम्हाला ते मागायला फोन केला नव्हता. तुम्हाला माझ्या तोंडून कळावं म्हणून केला."

त्यांनी फोन ठेवला. राहिलेल्या दोघींनाही केले. मग मावशीचं मळलेलं पीठ वाळलं होतं ते टाकून दिलं आणि दुसरं मळलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

कोर्टात बंदूक नेता येत नाही. गाडीत, कुलपात. सगळ्यात मागच्या बाकावर बसले. चौथी, तिसरी आणि विल्मा आधीच येऊन बसल्या होत्या. मावशी माझ्या शेजारी.

न्यायाधीशांनी जामिनाची रक्कम सांगितली आणि विचारलं, कुणी जामीन राहतंय का? हर्शेल वळून दाराकडे बघायला लागला. लग्नातलाच कोट होता. वकिलाने त्याच्या कानात काहीतरी विचारलं, त्याने हाताने थांब अशी खूण केली आणि दाराकडेच बघत राहिला. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. भिंतीवरच्या घड्याळात मी सहा मिनिटं मोजली.

कुणी आलं नाही.

सव्वाअकराला त्याला आत नेलं. मी शाळेत गेले, तिथे दुपारचे पाव व्हायचे होते.